दम न लागता जिगिंग: पाठ-खांदे सांभाळून जिग कुठला घ्यायचा आणि कसा खेळवायचा

जिगिंग म्हणजे जिग, माशाच्या आकाराचा धातूचा जड तुकडा, पाण्यात सोडून वर-खाली खेळवत मासा पकडणं, आणि त्याचे व्हिडिओ बघितले की पन्नाशी-साठीतल्या माणसाला पहिलं हेच वाटतं की हे काय आपलं काम नाही. एक दणकट पोरगा बोटीच्या टोकाला उभा, खाली ३०० ग्रॅमचा लांबडा जिग, आणि तो रॉड काखेत धरून असा काही झटकतोय की बघूनच आपला खांदा भरून येतो. ते खरंच आपलं काम नाही, त्यात वादच नाही. पण ती जिगिंगची एक पद्धत झाली, खोल पाण्यातली आणि पळणाऱ्या माशांसाठीची. आपल्या कोकण किनाऱ्याला त्याची बहुतेक वेळा गरजही पडत नाही, कारण मालवण-देवगड-रत्नागिरीला एका सकाळीत जाऊन परत येता येतं ते पाणी साधारण वीस ते चाळीस मीटरचं, आणि खडपात, म्हणजे खडकाळ तळावर बसलेले गोबरा, तांबोशी वगैरे मासे काही जिगच्या मागे धावत सुटत नाहीत, त्यांच्या तोंडासमोर काहीतरी हळूहळू लडबडत पडलं पाहिजे एवढंच. म्हणजे सावकाश माणसाला सावकाश मासा, जोडी बरी जमते.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना समुद्रावर जायची हौस आहे पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, किंवा खांदा वर जात नाही, किंवा वीस वर्षं खुर्चीत बसून पोट आणि कंबर दोन्ही कामातून गेलीयत. हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा, ते मी सांगू शकत नाही.

आधी दोरी, मग जिग

दुकानात गेलं की सगळे आधी जिग बघतात, रंगीबेरंगी असतो ना. पण तुमचा हात किती दुखणार ते दोरीच्या जाडीवर ठरतं. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी जाड असली की पाण्याची ओढ तिला जास्त लागते, मधे पोट येतं, जिग खाली पोचत नाही, म्हणून मग तुम्ही अजून जड जिग लावता, जड जिगला जड रॉड लागतो, जड रॉडला मोठं रील, आणि दहा वाजेपर्यंत मनगट गेलं. हे सगळं उलटं फिरवायचं. पीई हा दोरीच्या जाडीचा नंबर, पीई ३ ची दोरी साधारण ०.२८५ मिलिमीटर जाड असते आणि पीई १.५ ची ०.२०५, ऐकायला फरक काहीच नाही, पण तीस मीटर पाण्यात ज्या जागी जाड दोरीवर १५० ग्रॅम लागतो तिथे बारीक दोरीवर ८० ग्रॅम सरळ खाली जातो. रोज एवढा फरक पडेल असं नाही, करंटवर आहे, पण पडतो.

मग लोक म्हणतात बारीक दोरी तुटेल. अहो, चांगली आठपदरी पीई १.५ दहा किलोच्या वर ताण सहज घेते, आणि तुम्ही-आम्ही हातात धरून खेचू शकतो ते तीन किलो, फार तर साडेतीन. दोरी तुटायच्या आधी आपणच तुटतो. खडपावर घासून तुटते ते वेगळं, त्यासाठी पुढे दोन-अडीच मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर लावायचा, ३० ते ४० पौंडाचा.

लीडरची गाठ, म्हणजे एफजी नॉट, बोटं थरथरत असतील किंवा चष्म्याशिवाय दिसत नसेल तर बोटीवर बांधायच्या भानगडीत पडू नका, घरी टेबलावर ट्यूबलाइटखाली निवांत बांधून न्या. समुद्रात तुटलीच तर डबल युनी ही सोपी गाठ मारा, थोडी जाड होते पण चालते.

जिगचा आकार: इथे सगळे फसतात

ढोबळ हिशोब असा की पाण्याच्या दर मीटरला दोन ते तीन ग्रॅम. तीस मीटरला ६० ते ९०. करंट नसेल तर त्याहूनही कमी चालतं. उगाच "असू दे जरा जड" म्हणून १५० घेऊ नका, प्रत्येक वेळी तो तुम्हालाच वर आणायचाय.

आता आकार. रुंद, पानासारखा चपटा आणि मधे वजन असलेला जिग पडतो फार सुंदर, डावी-उजवीकडे डोलत, हळू. दुकानदार लगेच म्हणेल की सर तुम्हाला स्लो पाहिजे ना मग हाच घ्या. पण पडताना हळू म्हणजे ओढताना हलका असं नसतं. तोच रुंद पत्रा वर खेचताना पाणी धरतो, बादली ओढल्यासारखं वाटतं, आणि पन्नास-साठ वेळा वर-खाली केलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला जी कळ सुरू होते ती आठवडाभर जात नाही. त्यामुळे पहिला जिग घेताना मध्यम लांबीचा, जरा अरुंद, एक बाजू सपाट आणि एक बाजू फुगीर, वजन किंचित शेपटीकडे, असा बघा. वर येताना पाणी कापत येतो, थांबलात की आडवा होऊन पडतो. माझ्या मते कमी ताकदीच्या माणसाला यापेक्षा सोयीचा आकार नाही. पानासारखा एखादा ठेवा पिशवीत, पाणी अगदी थांबलेलं असेल आणि मासा आळसावलेला असेल तेव्हा काढायला.

टंगस्टनचे जिग मिळतात. शिशापेक्षा टंगस्टन खूप घट्ट, शिसं घनसेंटीमीटरला ११.३ ग्रॅम तर टंगस्टन १९.३, त्यामुळे त्याच वजनाचा जिग आकाराने लहान होतो, पटकन तळाला जातो आणि वर आणताना पाणीही कमी धरतो. आपल्यासारख्यांना एकदम योग्य पण किंमत बघितली की योग्य वाटत नाही, आणि खडपात अडकून गेला की दिवसभर तोंड कडू. एक घ्या आणि रेतीच्या तळावरच वापरा.

रंगावर लोक तासन् तास बोलतात. खाडीच्या तोंडाजवळ गढूळ पाणी असेल तर ग्लो पट्टे किंवा सोनेरी, बाहेर निळं पाणी लागलं की चंदेरी-निळा, गुलाबी कुठेही. झालं.

गळ मात्र नीट बघा. स्लो जिगला वर दोन आणि खाली दोन असे असिस्ट हुक (दोरीच्या छोट्या तुकड्यावर लोंबणारे गळ) लावायची पद्धत आहे, पण खडपावर खालचे दोन काढून टाका. अडकणं निम्म्यावर येतं, आणि अडकलेला जिग सोडवणं हे मासा ओढण्यापेक्षा जास्त दमवणारं काम आहे, विश्वास ठेवा. अजून एक, रक्त पातळ करायची गोळी चालू असणाऱ्यांनी चार गळ लटकत असलेली वस्तू हाताने पकडूच नये, लांब नाकाची पक्कड आणि ग्रिपर कंबरेला दोरीने बांधून ठेवा.

याहून सोपं काही आहे का? आहे

जपान्यांचा ताई रबर, काही जण कबुरा किंवा स्लायडर म्हणतात. शिशाची किंवा टंगस्टनची एक गोळी, त्यातून जाणाऱ्या दोरीला रबराच्या झिरमिळ्या आणि दोन बारके गळ. हा जपानमध्ये तिकडच्या लाल ब्रीमसाठी, मदाईसाठी निघाला, पण आपल्याकडे तांबोशी आणि छोटे गोबरेही याला लागतात. यात झटका नाहीच. तळाला सोडायचा, लागला की लगेच हँडल फिरवायला सुरुवात, एकाच सावकाश वेगाने दहा-बारा मीटर वर, परत सोडायचा. खुर्चीत बसून होतं. माशाने टोचलं तरी झटका द्यायचा नाही, तसंच फिरवत राहायचं, तो स्वतःच लागतो, आणि हेच जुन्या गरवणाऱ्यांना जमत नाही, हात आपोआप वर जातो कारण चाळीस वर्षांची सवय. नवख्यांना पटकन येतं! सोबत येणारे गळ फार बारीक असतात, मोठा मासा सरळ करून टाकतो, म्हणून एक नंबर मोठे लावून घ्या.

आणि अगदीच दम लागत असेल, एका वेळी पंधरा मिनिटंच जमत असेल, तर मायक्रो जिग. १० ते २० ग्रॅम, पीई ०.६ किंवा ०.८, छोटा स्पिनिंग रॉड-रीलचा सेट, आणि थंडीत बांगड्याचा थवा लागला की बस. बांगडा एवढासा मासा पण हलक्या रॉडवर काय नाचतो. यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही, संध्याकाळी तव्यावर बांगडाच गोबऱ्याला भारी पडतो.

किनाऱ्यावरून जिग फेकणं मी मुद्दाम सांगत नाहीये. ४० ग्रॅम जरी असला तरी शंभर वेळा फेकायचा, तोही ओल्या खडकावर उभं राहून. लोकांना वाटतं बोट नको, किनारा सोपा. बोटीवरून सरळ खाली सोडून केलेली जिगिंग त्यापेक्षा कितीतरी कमी मेहनतीची आहे.

रॉड, रील आणि ते खेळवणं

ही सावकाश जिगिंगची, म्हणजे स्लो पिच पद्धत जपानच्या नोरिहिरो सातो यांनी लोकांपर्यंत नेली, आणि त्यातली गंमत अशी की जिग माणूस उचलत नाही, रॉड उचलतो. म्हणून सहा-साडेसहा फुटाचा, पूर्ण वाकून परत सरळ होणारा बारीक रॉड लागतो. कडक रॉडवर हे जमत नाही, मग सगळं काम खांद्याला.

रील शक्यतो ओव्हरहेड, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, अरुंद स्पूलचं (स्पूल म्हणजे दोरी गुंडाळायची चकती). गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीत स्पूल किती फेऱ्या घेतो) बघताना जास्त आकडा म्हणजे चांगलं असं समजू नका, ७:१ चं रील एका फेरीत खूप दोरी गोळा करतं पण मासा लागला की हँडल दगडासारखं होतं. ५:१ च्या आसपासचं घ्या, फेऱ्या जास्त माराव्या लागतील पण प्रत्येक फेरी हलकी. हँडल जरा लांब, आणि मूठ मोठी गोल. संधिवात असलेल्यांना बारीक चपटी मूठ धरवत नाही, हे रील विकत घ्यायच्या आधी दुकानातच दहा मिनिटं हातात धरून बघा, लाजू नका.

आता कृती. बोटीच्या मधल्या भागात बसा, तिथे हलतं कमी. इंजिनच्या पेटीवर जाड उशी टाकून बसलात तर उत्तम. रॉडचा मागचा दांडा काखेत, कोपर बरगडीला चिकटलेलं, रॉड पाण्याला आडवा. जिग सोडताना अंगठा स्पूलवर अलगद. तळाला लागला की दोरी एकदम ढिली पडते, लगेच दोन फेऱ्या मारून घ्या नाहीतर खडपात बसला. मग हँडल पाव फेरी, जरा ठसक्यात, आणि थांबा. रॉडचं टोक वाकतं, मग स्वतःच सरळ होतं आणि जिगला वर फेकतं, तुमचा खांदा हललेलाही नसतो. दोरी क्षणभर सैल होते, तेव्हा खाली जिग आडवा होऊन पडत असतो, आणि बहुतेक मासे ह्याच वेळी तोंड मारतात. परत पाव फेरी. हवं तर अर्धी. असं दहा-पंधरा वेळा, मग परत तळाला सोडायचा. घाई केली की सैल व्हायला वेळच मिळत नाही, मग तो जिग नुसताच वर सरकतो. मनात "एक, दोन" म्हणून मग पुढची फेरी, एवढा आळस पाहिजे.

एक प्रयोग घरी करून बघा. पाच लिटरच्या कॅनमध्ये तीन लिटर पाणी भरा, म्हणजे झाले तीन किलो. गॅलरीतून किंवा जिन्यातून दोरी खाली सोडून बांधा, खाली कोणी उभं नाही ना ते बघा. रॉडचं टोक खाली, दोरीच्या रेषेत ठेवा आणि नुसत्या रीलने कॅन जमिनीवरून उचलायचा प्रयत्न करा. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, असा लावा की कॅन जेमतेम उचलला जातो आणि जरा हिसका बसला की दोरी सुटते. हा तुमचा ड्रॅग. आता रॉडचं टोक आडव्यापर्यंत वर नेऊन बघा, त्याच्या वर नको, बारीक रॉड मोडेल. वजन तेच पण कमरेत लगेच कळेल. मासा लागल्यावर रॉड कमानीसारखा उंच धरणं फोटोत छान दिसतं, पाठीला वाईट. आपण रॉड खाली, दोरीच्या रेषेत नेतो आणि रीलने ओढतो. तीन किलो जड वाटले तर एक लिटर ओतून टाका, दोन किलोवरही भरपूर मासे निघतात, फक्त वेळ लागतो.

दिवस निवडा, हे जिगपेक्षा मोठं आहे

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनवे-अवसेच्या आसपास, पाणी एवढं पळतं की ८० ग्रॅमचा जिग तळालाच लागत नाही. तरुण पोरं २०० ग्रॅम लावून करतात. आपण अष्टमी-नवमीला, भांगाच्या पाण्यात जायचं. ओढ कमी, जिग हलका, आणि दोरी उभी.

यात अजून एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो ते सोडा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती. बोट जेट्टीला जवळपास समान उंचीवर येते आणि तुम्ही पाय टाकून आत. पुनवेला हेच उलटं, भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, म्हणजे सकाळी सहा वाजता पार ओहोटी, बोट पाच-सहा पायऱ्या खाली, आणि त्या पायऱ्यांवर शेवाळ. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने तिथून उतरायचं म्हणजे मासेमारीच्या आधीच निकाल. बरं, अष्टमीला दुपारी बाराला परत याल तेव्हा ओहोटी असेलच, पण भांगाची ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळे चढायला त्रास कमी. मुंबईच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक मालवणपेक्षा बराच मोठा असतो, तिकडच्यांनी तर हे नक्कीच बघावं.

बारापर्यंत परत का, तर थंडीत सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा असतो, पाणी सपाट, आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की बोट आपटायला लागते, मग बसून राहणंच एक व्यायाम होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आंग्रिया बँक या भर समुद्रातल्या प्रवाळी पठाराची स्वप्नं ज्यांना पडतात त्यांना सांगतो, ते विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरच्या वर आत आहे, रात्रीचा प्रवास, झोप नाही, आपल्याला नको.

तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी आदल्या दिवशीच बोला. "काका, मला उभं राहवत नाही, बसूनच गरवणार, बोट जरा हळू वाहू दे" असं स्पष्ट सांगितलं की ते वाऱ्याच्या हिशोबाने बोट धरतात आणि तुम्हाला योग्य बाजूला बसवतात. न सांगता गेलात तर ते नेहमीच्याच पद्धतीने चालवणार, त्यांची काय चूक. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, कुठे गरवायचं नाही ते त्यांनाच विचारा.

लाइफ जॅकेट घाला, पाणी दर अर्ध्या तासाला प्या, शुगर असेल तर खिशात काहीतरी खायला ठेवा. बोट लागू नये म्हणून जी गोळी घेतात तिने झोप येते आणि तोलही जातो, त्यामुळे पहिल्यांदा घेणार असाल तर आधी घरी एखाद्या दिवशी घेऊन बघा.

लागला, आता?

गोबरा लागल्यावर पहिले तीन-चार मीटर महत्त्वाचे, तो लगेच कपारीत घुसतो. जोर कमी असलेल्याने तिथे मासा गमवायचाच, असं लोक म्हणतात, पण उपाय आहे. जिग तळाला चिकटून खेळवायचाच नाही, दोन-तीन मीटर वर खेळवा. चावे थोडे कमी मिळतील, पण जो लागेल त्याला कपार गाठायला अंतर पडतं. आणि घुसलाच तर झगडत बसू नका, दोरी पूर्ण सैल सोडा, दोन-तीन मिनिटं पाणी प्या, तो पुष्कळदा स्वतःच बाहेर पडतो. मग हळू ताण घेऊन ओढायचा.

मोडुसा किंवा मोठी सुरमई लागली आणि हात भरून आला तर रॉड दुसऱ्याला देऊन टाका. रेकॉर्ड कोण लिहितंय? शिंगाळा आला तर काट्याला हात लावू नका, पाखट आली तर बोटीत घेऊच नका, दोरी कापा, जिग गेला तर गेला.

इलेक्ट्रिक रीलबद्दल हमखास विचारतात की ते चीटिंग नाही का. जपानमध्ये इलेक्ट्रिक रीलवर जिगिंग करणारे ढिगाने आहेत, दाइवाचं सीबोर्ग, शिमानोचं फोर्समास्टर ही रीलं लोक सर्रास वापरतात. बटण दाबलं की जिग वर. ज्याचा एक खांदा पूर्ण गेलाय त्याने खुशाल घ्यावं, मासा कुठे आहे, जिग कुठला, कधी थांबायचं हे तुम्हालाच ठरवायचंय. महाग आहे, वजनदारही आहे, त्यामुळे ते हातात न धरता बोटीच्या काठावर रॉड होल्डरमध्ये लावावं लागतं, आणि होल्डर लाकडी काठाला घट्ट बसतो का ते बंदरावरच तपासा. रील चालवायची १२ व्होल्टची बॅटरी बोटीच्या तळाशी ठेवू नका, तिथे पाणी साचतं, एखाद्या फळीवर बांधून ठेवा.